शाळेतलं समुपदेशन, सोलापूर: मॅडमना साडेचार स्टार, व्यवस्थेला दोन

शाळेचं नाव टाकणार नाही, आधीच सांगतो. पोरगी अजून तिथंच दहावीला आहे आणि सोलापुरात कोण कुणाचा पावणा निघेल सांगता येत नाही. सेमी इंग्रजीची शाळा, पोरं पुष्कळ, फी मध्यम, एवढं पुरे. आणि हा रिव्ह्यू शाळेचा नाही, शाळेत समुपदेशनाची जी सोय आहे तिचा आहे. फीच्या पावतीवर 'वेलनेस' म्हणून एक ओळ असते बघा, खूप जणांना ती खेळाची फी वाटते, ती हीच. सत्राचे वेगळे पैसे घेत नाहीत. बाहेर चौकशी केली होती तेव्हा एका बैठकीचे 500 पासून 1000-1200 पर्यंत आकडे ऐकले, त्यामुळं पैशाच्या हिशेबात तक्रार करायला जागा नाही.

रेटिंग द्यायचं तर मॅडमना पाचपैकी साडेचार आणि शाळेनं केलेल्या व्यवस्थेला दोन. सरासरी काढू नका, तिला काही अर्थ नाही, का ते पुढं येईलच.

आमची केस काय होती ते थोडक्यात. नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर पोट दुखायला लागलं. रविवारी रात्री दोन घास कमी, सोमवारी सकाळी कळ, कधी उलटी, आणि युनिट टेस्ट असली की हमखास. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, माझ्या आईनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. सगळं नॉर्मल. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच विचारलं, 'मे महिन्यात दुखत होतं का ओ?' नव्हतं. 'मग माझ्याकडं कशाला आणताय, शाळेत त्या मॅडम बसतात त्यांच्याकडं न्या की.' त्या डॉक्टरांना खरं तर पाच स्टार, पण त्यांचा रिव्ह्यू नंतर कधीतरी.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. तिथं डबा खाताना बोललो तर एक जण म्हणला, 'येडी झाली काय बे पोरगी?' दुसऱ्यानं आवाज खाली घेऊन सांगितलं, की कुठं बोलू नका, उद्या स्थळं बघताना अडचण होईल. पोरगी चौदा वर्षांची. असो, हे आपल्याकडं असंच आहे, त्यात नवल नाही, पण सोयीचा रिव्ह्यू लिहायचा तर ही हवा कशी आहे ते सांगायलाच पाहिजे, कारण शाळेनं व्यवस्था लावताना ह्याच हवेचा विचार केलेला नाही.

आता मॅडमबद्दल. आठवड्यातनं दोन दिवस येतात, बाकी दिवस दुसऱ्या शाळांत. पहिल्या भेटीत आम्ही दोघं आणि पोरगी तिघंही होतो, त्यात त्यांनी सगळ्यात आधी स्वतःबद्दल सांगितलं, ते मला लई आवडलं. म्हणल्या, मी समुपदेशक आहे, मानसशास्त्रात एमए केलंय, मी डॉक्टर नाही, गोळ्या लिहून देत नाही आणि कसलं सर्टिफिकेटही देत नाही. गोळ्या लागतील की नाही ते सायकियाट्रिस्ट ठरवतात, ते एमबीबीएस होऊन पुढं ह्याच विषयात शिकलेले असतात. निदानाच्या मोठ्या चाचण्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, ती विचारायला लाजू नका. आणि माझ्या आवाक्याबाहेरचं असेल तर मीच चिठ्ठी देऊन पाठवीन. बाहेर आठ दिवसांचा कोर्स करून 'माइंड कोच' म्हणून पाट्या लावलेली माणसं बघितल्यावर एवढं सरळ बोलणारं कुणी भेटणं म्हणजे मोठी गोष्ट आहे.

मग गुप्ततेचं. पोरीसमोरच सांगितलं की इथं बोललेलं आई-बाबांनाही सांगणार नाही, तीन गोष्टी सोडून: तू स्वतःला इजा करून घेशील असं वाटलं तर, दुसऱ्या कुणाला करशील असं वाटलं तर, आणि तुझ्याशी कुणी वाईट वागत असेल तर. ह्यातली तिसरी गोष्ट लैंगिक स्वरूपाची असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवावीच लागते, तिथं मॅडमच्याही हातात काही नसतं. हिनं लगेच विचारलं, 'आम्ही आई-बाप आहोत, आम्हाला नाही सांगणार?' मॅडम हसल्या, म्हणल्या, तिला वाटलं तर तीच सांगेल, तुम्ही फक्त घरी गेल्यावर काय बोललीस म्हणून विचारू नका. रिक्षात बसेपर्यंत हिनं विचारलं होतं.

25 वाक्यांचा एक फॉर्म भरून घेतला, एक आम्ही, एक पोरीनं, एक वर्गशिक्षिकेनं. 'बरोबर', 'थोडंफार बरोबर', 'बरोबर नाही' एवढंच टिक करायचं. आमचे आणि पोरीचे जवाब पुष्कळ ठिकाणी जुळले नाहीत. तिला भरपूर मैत्रिणी आहेत असं आम्ही लिहिलेलं.

पुढं काम कसं चालायचं ते पोरीनं जेवढं दाखवलं तेवढं सांगतो, तिला विचारून लिहितोय. एक शंभरपानी वही, त्यात उभे चार रकाने. प्रसंग काय, डोक्यात काय आलं, ते किती खरं वाटतं शंभरपैकी, आणि पुरावा काय. एक पान असं होतं. प्रसंग: सोमवारी बीजगणिताचा पेपर. डोक्यात आलं: मी कोरा देणार आणि सर सगळ्यांसमोर मार्क वाचणार. किती खरं वाटतं: 90. पुरावा: आधी कधी कोरा दिलाय का, नाही, सगळ्यात कमी 20 पैकी 11. सर सगळ्यांसमोर वाचतात का, हो.

तो 'हो' मॅडमनी पेन्सिलीनं गोल केलेला होता. शेजारी लिहिलेलं, 'हे तुझ्या डोक्यातलं नाही, हे मी बघते.' ह्या एका गोष्टीसाठी मी साडेचार दिलेत. दुसरं कुणी असतं तर पोरीलाच सांगत बसलं असतं की पॉझिटिव्ह विचार कर, सरांचं मनावर घेऊ नको.

पोटात कळ आली की काय करायचं तेही शिकवलं. श्वास चार मोजत घ्यायचा, चार मोजत धरायचा, चार मोजत सोडायचा, परत चार थांबायचं. काळजी करायला रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं ठरवून दिली, साडेसहाला बसायचं आणि जेवढी करायची तेवढी करून घ्यायची, दिवसभरात आली तर वहीत एका शब्दात टिपून साडेसहावर ढकलायची. माझ्या आईला हे लईच आवडलं, ती पण आता साडेसहाला बसते, तिची काळजी पंधरा मिनिटांत मावत नाही ती गोष्ट वेगळी.

आम्हाला जो अभ्यास दिला तो सगळ्यात अवघड होता. ताप नसेल, उलटी नसेल तर पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवू द्यायची नाही. उशिरा जाऊ दे, शेवटच्या दोन तासांना जाऊ दे, पण गेलीच पाहिजे. कारण असं सांगितलं की घरी ठेवलं की दहा मिनिटांत पोट बरं होतं, तेव्हा डोक्याला कळतं की शाळा टाळली की सुटका होते, मग पुढच्या सोमवारी ते आणखी जोरात दुखवतं. ऐकायला सोपं आहे हो, सकाळी पावणेसातला पोरगी बाथरूमच्या दारात उभी राहून रडते तेव्हा तिला गाडीवर बसवायला काळीज दगडाचं लागतं. हिनं दोनदा माघार घेतली, मॅडम तिला एका शब्दानं बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या सोमवारचा प्लॅन परत कागदावर लिहून दिला.

फरक पडला का? पडला. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, चाचणीच्या आठवड्यात अजून येतं, पण शाळा बुडत नाही आणि रविवारी रात्री जेवते. आणखी काय पाहिजे. चमत्कार पाहिजे असेल त्यांनी हा रिव्ह्यू इथंच सोडावा.

आता दोन स्टारकडं वळू.

खोली. पूर्वी भूगोलाचे नकाशे ठेवायची कोठी होती, अजून एका कोपऱ्यात गुंडाळ्या उभ्या आहेत आणि वरच्या फळीवर दांडा मोडलेला पृथ्वीगोल. एका बाजूला प्लायचं पार्टिशन आणि त्याच्या पलीकडं स्टाफरूम. चहाचे कप वाजलेले इकडं ऐकू येतात, म्हणजे इकडचं रडलेलं तिकडं जात असणारच की. दाराला काच होती, येणारा-जाणारा वाकून बघायचा, ती मॅडमनी स्वतः चादर आणून झाकली, आपली मोरावाली सोलापुरी चादर. पंखा असा आवाज करतो की एप्रिलमध्ये एक तर घाम पुसायचा नाहीतर बोललेलं ऐकायचं. एवढ्या मोठ्या शाळेत एक धड दार बंद होणारी खोली मिळत नाही? स्मार्ट बोर्ड प्रत्येक वर्गात बसवलेत, त्यातले निम्मे नुसते झाकून ठेवलेले.

त्याहून वाईट म्हणजे बोलावायची पद्धत. शिपाई चिठ्ठी घेऊन वर्गाच्या दारात यायचा आणि नाव वाचून म्हणायचा, 'समुपदेशनाला बोलावलंय.' चाळीस-पन्नास पोरांसमोर. पुढच्या तासाला मागच्या बाकावरनं 'मेंटल' ऐकू आलंच. पोरगी मध्ये काही आठवडे गेलीच नाही, आम्हाला म्हणायची मॅडम रजेवर आहेत. मॅडमनीच फोन करून विचारलं तेव्हा उलगडा झाला. मग त्यांनी चिठ्ठीवर 'लायब्ररी' लिहायला सुरुवात केली आणि वेळ पीटीच्या तासाला घेतली, प्रश्न मिटला. साधी गोष्ट, दोन मिनिटांचं डोकं, पण ते शाळेनं लावलं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचाराबाबतच्या गुप्ततेचा हक्क लिहिलेला आहे, शाळेच्या शिपायाला तो माहीत नसेल हे समजू शकतो, मुख्याध्यापकांच्या ऑफिसातनं चिठ्ठी निघते त्यांना माहीत असायला पाहिजे.

भाषेचं तर आपल्या गावात विचारूच नका. संमतीचा फॉर्म इंग्रजीत, दोन पानं, बारीक टाइप. पूर्व भागातनं येणाऱ्या किती पोरांच्या घरी तेलुगू बोलतात, दक्षिण सोलापूर-अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड, आई विड्या वळते, बाप मागावर, हा फॉर्म कोण वाचणार? क्लार्क फुलीच्या जागी बोट ठेवतो, सही होते. मी बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा एक आज्जी आल्या होत्या नातवाला घेऊन, त्यांना मराठी जेमतेम आणि मॅडमना तेलुगू येत नाही, म्हणून शाळेतल्या मावशींना आत बोलावलं भाषांतर करायला. मावशी बिचाऱ्या भल्या आहेत, पण मावशींच्या कानावर गेलेलं मधल्या सुट्टीपर्यंत कुठं जातं हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. त्या पोराचं काय होतं ते मला माहीत नाही आणि मला कळायलाही नको, पण बाकावर बसून निम्मं मला कळलंच. सोलापुरात तेलुगू येणारी समुपदेशक मिळणं एवढं अशक्य आहे का? निदान मराठी-तेलुगू-कन्नड असा छापलेला फॉर्म तरी करा.

मग वेळ. आम्ही हिशेबाची माणसं, आकडा मांडल्याशिवाय राहवत नाही. निम्हान्सनं, म्हणजे बेंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेनं, 2015-16 मध्ये जो मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय सर्व्हे केला होता त्यात 13 ते 17 वयाच्या मुलांमध्ये 7.3 टक्क्यांना काही ना काही त्रास निघाला होता. आमच्या शाळेत आठवी ते दहावी पाचशे पोरं धरा, म्हणजे 36 झाली. मॅडम दोन दिवस येणार, दिवसाला फार तर सहा पोरं, आठवड्याला 12. म्हणजे एका पोराचा नंबर तीन आठवड्यांनी. हे झालं नेहमीचं, सराव परीक्षा आली की सगळीच रांगेत. आमच्या पोरीला सुरुवातीला दर आठवड्याला वेळ मिळाली कारण ती वर्षाच्या मध्यात गेली, गर्दी नव्हती. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या सुट्टीनंतर गेली असती तर वेटिंगमध्येच बोर्डाचा पेपर आला असता.

सुप्रीम कोर्टानं जुलै 2025 मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या एका प्रकरणात देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा असं आहे. आता आमची शाळा म्हणते आहे की आमच्याकडं आहे. आहेच. आठवड्यातले दोन दिवस आहे. त्याच सूचनांमध्ये हेल्पलाइनचे नंबर मुलांना दिसतील असे लावायला सांगितलेत, तर टेलीमानसचा 14416 चा पोस्टर आमच्याकडं मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर लावलाय, जिथं पोरांनी विनाकारण फिरायचं नाही अशी पाटी त्याच्याच खाली आहे. मी फोटो काढून ठेवलाय.

आणि त्यातच आणखी एक आहे, की मार्कांवरनं पोरांच्या वेगळ्या तुकड्या करू नका आणि सगळ्यांसमोर लाजवू नका. ह्यावरनं परत त्या पेन्सिलीच्या गोलाकडं येतो. मॅडमनी शाळेशी बोलणं केलं. लेखी दिलं, कुणाचं नाव न घेता, की पेपर वाटताना मार्क मोठ्यानं वाचू नयेत, पालथा करून हातात द्यावा. पालकसभेत मी पण विषय काढला. एक सर म्हणले, 'आम्ही पण असंच शिकलो, आम्हाला काय झालं?' मागनं एक पालक म्हणले, 'ते तुम्ही नका विचारू सर.' हशा झाला, विषय संपला. पुढच्या चाचणीला दोन शिक्षिकांनी पेपर पालथे दिले, बीजगणितात अजून वाचतात. म्हणजे शुक्रवारी मॅडम पोरीला श्वास मोजायला शिकवणार आणि सोमवारी सर तिला परत पोटात गोळा आणून देणार, आणि दोघांचा पगार आमच्याच फीमधनं. म्हणून म्हणलं सरासरी काढू नका.

वर्गासाठी म्हणून वर्षातनं एकदा जो कार्यक्रम करतात त्याला स्टारच नाही. ग्राउंडवर उन्हात बसवून पाहुण्यांचं भाषण, 'स्ट्रेस घेऊ नका', गुलाबाचं रोप, फोटो. उलट मॅडम आठवीच्या वर्गावर ऑफ तासाला जाऊन जे घेतात ते चांगलं आहे, त्यात पोरं चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न टाकतात आणि त्या मोठ्यानं उत्तर देतात. पोरगी सांगत होती, त्यात निम्मे प्रश्न घरातल्या भांडणाचे होते आणि पाच-सहा मोबाईल कसा सुटेल ह्याचे.

शाळेची सोय पुरी पडत नसेल तर बाहेर काय आहे ते पण लिहून ठेवतो, कारण आम्हाला कुणी एका जागी सांगितलं नव्हतं. सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, गर्दी असते, सकाळी लवकर जा. फोनवर बोलायचं असेल तर 14416, टेलीमानस, केंद्र सरकारचं, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट, रात्री-अपरात्री पण लागतं आणि मराठीत बोलता येतं. हिनं एकदा रात्री अकराला लावला होता, स्वतःसाठी, काय बोलली मी विचारलं नाही. पोरावर कुणी हात टाकत असेल, घरात किंवा बाहेर, तर 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. आणि पोरगं जीव द्यायचं बोलत असेल तर शाळेच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याला एकटं सोडू नका, थेट सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

घ्यावी का ही सोय? हो, घ्या. पण नाव द्यायच्या आधी ऑफिसात तीन गोष्टी विचारून घ्या: पोराला वर्गातनं कसं बोलावणार, खोली कुठली, आणि फाइल कुणाच्या कपाटात राहणार. आमच्याकडं आधी ती जनरल रजिस्टरच्या शेजारी होती, आता मॅडमनी कुलूप लावून घेतलंय. डिग्री काय ते सगळेच विचारतात, हे कुणी विचारत नाही.

संमतीचा फॉर्म जूनमध्ये ॲडमिशनच्या कागदांबरोबर देतात, तेव्हा राहिला असेल तर क्लार्ककडं मागा, नाही म्हणाले तरी असतो, खालच्या ड्रॉवरमध्ये. मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी, 11 ते 4. दहावीचं पोरगं असेल तर दिवाळीच्या आधीच नाव घाला, आणि घरी मराठी बोलत नसाल तर आज्जीबरोबर भाषा येणारं घरातलंच कुणीतरी न्या, मावशींना बोलावू देऊ नका.